पाम्प्लमूसच्या बागेला अर्धा दिवस द्या: ठाण्याहून मॉरिशसला निघणाऱ्यांसाठी

ठाण्यातून मॉरिशसला जाणाऱ्या बहुतेकांच्या कार्यक्रमात ही बाग ‘नॉर्थ टूर’ नावाच्या दिवसात कोंबलेली असते. सकाळी पोर्ट लुईचा किल्ला, मग बंदरावरची खरेदी, मग बाग आणि शेवटी ग्राँ बेचा किनारा. बागेच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो, तोही भर दुपारचा. मंडळी परत येतात तेव्हा फोनमध्ये पाण्यावरच्या थाळ्यांएवढ्या पानांचे पन्नास फोटो असतात. त्याच बागेत मॉरिशसच्या पहिल्या पंतप्रधानांची समाधी आहे, हे निम्म्यांना ठाऊक नसतं. त्या दिवसातून काही कापायचंच असेल तर खरेदी कापा. टी-शर्ट विमानतळावरही मिळतात.

बागेचं पूर्ण नाव सर शिवसागर रामगुलाम बोटॅनिकल गार्डन. बेटाच्या उत्तरेला पाम्प्लमूस नावाच्या गावात, पोर्ट लुईपासून सुमारे ११ किलोमीटरवर ती आहे. ऐंशी-नव्वद एकरांचा पसारा, त्यात ताडवर्गातल्याच झाडांचे ऐंशीहून जास्त प्रकार. नीट पाहायची तर अडीच-तीन तास लागतात. सोबत आजी-आजोबा असतील तर अर्धा दिवस धरा.

महिना कोणता, वेळ कोणती

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखद. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा, आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. चालायला हिवाळा बरा, पण तळ्यातली मोठी पानं आणि फुलं उन्हाळ्यातच भरात असतात. दोन्हींतलं थोडं थोडं हवं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर धरा. तेव्हा गुलमोहरही लाल झालेला असतो. ठाण्याच्या रस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये पाहायची सवय असलेला गुलमोहर तिथे नाताळात फुलतो. हे झाड मूळचं शेजारच्या मादागास्करचं. त्याला शास्त्रीय नाव देऊन जगासमोर आणणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बोजेर पुढे याच बागेचे प्रमुख झाले. घोडबंदर रोडवर पावसात जो गुलमोहर रिक्षांवर कोसळतो, त्याची ओळखपाळख या बेटावरून झाली म्हणायची.

बाग सकाळी साडेआठला उघडते. त्या वेळेलाच फाटकावर हजर राहा. त्यामागे ऊन आहेच, पण दुसरंही एक कारण आहे, ते तळ्यापाशी सांगते. दहानंतर टूरच्या बसगाड्या येऊ लागतात.

टूरवाल्याशी आधीच बोलून घ्या

पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: बागेत नेमके किती तास, प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये धरलंय का, आणि बागेतला गाईड मिळणार की बसमधलाच माणूस ‘हे बघा, ते बघा’ करणार. आमच्या एका ओळखीच्या कुटुंबाला पॅकेजवाल्याने ‘सगळं इन्क्लुडेड’ सांगितलं आणि तिथे गेल्यावर प्रत्येकाकडून तिकिटाचे पैसे घेतले. स्थानिकांना आणि परदेशी पाहुण्यांना दर वेगळे असतात. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. ‘रुपयाच तर आहे’ म्हणून गाफील राहिलात तर हिशेब चुकेल.

चार-सहा जणांचा गट असेल तर बागेच्या दिवसापुरती टॅक्सी स्वतंत्र करणं केव्हाही बरं. टॅक्सीवाल्याशी निघण्यापूर्वीच येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे मिळून पैसे ठरवा. एकट्या-दुकट्याने जायचं तर बस आहे: पोर्ट लुईच्या इमिग्रेशन स्क्वेअर स्थानकावरून उत्तरेकडच्या गाड्या सुटतात. तिथली नवी मेट्रो दक्षिणेला क्युरपीपकडे जाते, बागेच्या बाजूला येत नाही.

विमानतळालाही रामगुलाम यांचंच नाव आहे, म्हणून बाग जवळच असेल असा समज करून घेऊ नका. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, बाग वायव्येकडे. मुंबईहून सहा-साडेसहा तासांचा थेट प्रवास करून उतरल्या दिवशी तर हा बेत मुळीच नको. घड्याळ दीड तास मागे करायचं असतं, त्यामुळे उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग येते. त्याचा फायदा घ्या आणि सकाळी लवकर निघा.

निघण्यापूर्वी राणीबाग

हे ऐकून लोक हसतात, पण उपयोग होतो. जायच्या आधीच्या एखाद्या रविवारी ठाण्याहून लोकल पकडून भायखळ्याला जा आणि राणीबागेत पेंग्विनच्या रांगेत उभं न राहता झाडं बघा. बुधवारी ती बंद असते. तिथली गोरखचिंच पाहून ठेवा. हत्तीच्या पायासारखं खोड असलेलं हे आफ्रिकन झाड पाम्प्लमूसलाही आहे. एकदा ओळख झाली की परदेशात ते झाड ‘अरे, हे आपलंच’ म्हणून भेटतं, आणि लहान मुलांना तर शोधाशोधीचा खेळच मिळतो.

आणखी एक गृहपाठ सोसायटीच्या आवारात करता येतो. आपल्याकडच्या संकुलांत माळीबुवा ज्याला बॉटल पाम म्हणतात, तो बहुतेक वेळा क्युबाकडचा रॉयल पाम असतो: उंच, सरळ, मध्ये किंचित फुगीर. खरा बॉटल पाम ठेंगणा असतो, बुंध्याशी सुरईसारखा फुगलेला, आणि तो मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या छोट्या बेटाचा मूळ रहिवासी आहे. शोभेचं झाड म्हणून तो जगभर गेला, पण रानात मात्र फारच थोडा उरला. आधी आपल्या फाटकाजवळचं झाड बघा, मग पाम्प्लमूसचं बघा. फरक लगेच डोळ्यांत भरतो.

फाटकावर

फाटकाजवळ ओळखपत्र लावलेले अधिकृत गाईड असतात. घ्याच. झाडांवरच्या पाट्या सगळीकडे नाहीत, आणि आहेत त्यांवर लॅटिन नाव वाचून घरच्यांना काय सांगणार? पाट्या वाचत फिरलात तर दोन तास जातात आणि हाती चार नावं लागतात. गाईड पान चुरडून हातात देतो तेव्हा झाड लक्षात राहतं. तिथे क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी चालते, आणि पुष्कळांना भोजपुरी येते, त्यामुळे हिंदीत विचारून बघायला हरकत नाही. पैसे आणि वेळ आधी ठरवा आणि सुरुवातीलाच सांगा: ‘फोटोचे स्पॉट नकोत, मसाल्याची झाडं आणि समाधी नीट दाखवा.’ एवढ्या एका वाक्याने फेरीचा रंगच बदलतो.

चालणं कठीण असलेल्यांसाठी बग्गीची सोय असते. रस्ते सपाट आहेत, पण पावसानंतर मातीच्या पायवाटा निसरड्या होतात. डास आहेत, मलम लावूनच आत शिरा. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगना देशात बंदी आहे, म्हणून डबा-पाणी कापडी पिशवीत घ्या. आत खाण्यापिण्याची फारशी भिस्त ठेवू नका. सुकी भेळ आणि लाडू ही आमची नेहमीची शिदोरी, पण खाद्यपदार्थ विमानातून नेताना सीलबंद असावेत आणि तिथे उतरल्यावर विचारलं तर सरळ सांगावं.

आधी तळं

आत शिरल्यावर आधी तळ्याकडे चला. लांबट आयताकृती तळं, त्यात व्हिक्टोरिया अॅमेझोनिका या राक्षसी कुमुदिनीची पानं. मूळ दक्षिण अमेरिकेतली. पानाचा व्यास चांगल्या हंगामात दीड-दोन मीटरच्या घरात जातो, आणि कडा परातीसारख्या वर वळलेल्या असतात. त्या कडेला नीट पाहिलंत तर एक फट दिसेल. पावसाचं पाणी साचून पान बुडू नये म्हणून केलेली ती मोरी.

एक माळी काठावर जुनी पानं ओढत असेल तर थांबा. आम्हाला अशा एका माळ्याने पान उलटं करून दाखवलं. वरून हिरवंगार, गुळगुळीत. खालून जांभळट तांबडं, त्यावर मनगटाएवढ्या जाड शिरा, आणि प्रत्येक शिरेवर काटे. बोट लावू नका म्हणाला. मासे आणि इतर जलचर पान खाऊ नयेत म्हणून हे काटे, आणि शिरांच्या आत हवेच्या पोकळ्या, त्यामुळे एवढं धूड तरंगतं. जाळीसारख्या या रचनेवरूनच इंग्रज उद्यानतज्ज्ञ जोसेफ पॅक्स्टन यांना लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीची काचेची छपरं सुचली, असं वास्तुकलेचा इतिहास सांगतो. पानावर लहान मूल बसवता येतं हे खरं आहे. म्हणून तुम्ही बसवू नका.

आता सकाळी लवकर येण्याचं दुसरं कारण. या फुलाचं आयुष्य दोन रात्रींचं. पहिल्या संध्याकाळी ते पांढरं उमलतं, स्वतः गरम होतं आणि सुगंध सोडतं. त्या वासाने भुंगेरे आत शिरतात. रात्र सरताना फूल मिटतं आणि ते आत अडकतात. दुसऱ्या संध्याकाळी तेच फूल गुलाबी होऊन पुन्हा उघडतं, तोवर भुंगेऱ्यांच्या अंगाला पराग लागलेला असतो. ते बाहेर पडतात आणि पुढच्या पांढऱ्या फुलाकडे जातात. मग फूल पाण्याखाली जातं. बाग संध्याकाळी बंद होते, त्यामुळे पूर्ण उमललेलं फूल पाहुण्याच्या नशिबी सहसा नसतं. पण फाटक उघडल्या उघडल्या पोचलात तर रात्रीचं फूल अजून पुरतं मिटलेलं नसण्याची शक्यता जास्त. दुपारी बारा वाजता तिथे फक्त कळ्या आणि सेल्फीवाले उरतात.

शेजारी कमळांचं तळंही आहे. आपल्याला त्याचं अप्रूप कमी, पाच मिनिटं पुरेत.

मसाल्यांची झाडं, आणि चोरीची गोष्ट

१७३५ साली माहे द ला बुर्दोने हा फ्रेंच गव्हर्नर बेटावर आला. त्याच्या ‘माँ प्लेझिर’ या निवासाभोवती भाजीपाल्याची बाग होती आणि ताजी भाजी बंदरात येणाऱ्या जहाजांनाही पुरवली जाई. बागेला खरा आकार दिला पिएर प्वाव्र याने. जायफळ आणि लवंग तेव्हा डचांच्या मुठीत होती. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांबाहेर रोप नेऊ द्यायचं नाही, असा बंदोबस्त. प्वाव्र १७६७ मध्ये या बेटाचा प्रशासक झाला आणि त्याने माणसं पाठवून रोपं-बिया चोरून आणवल्या, इथे रुजवल्या. डचांची मक्तेदारी मोडण्यात या बागेचा मोठा हात आहे. लवंग पुढे इथून इतर वसाहतींत पसरली. आपण गावदेवीच्या बाजारात गरम मसाल्याचं सामान घेतो, त्यामागे किती तस्करी झाली आहे हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

या भागात घाई करू नका. गाईडने आमच्या सासूबाईंच्या तळहातावर एक पान चुरडून ठेवलं आणि म्हणाला, ओळखा. त्यांनी वास घेतला. ‘हे तर मसाल्याचं पान, आपण भातात घालतो ते.’ तो म्हणाला, नाही, दालचिनी. सासूबाई हटेनात. तशी त्यांची चूक नव्हतीच: तमालपत्र आणि दालचिनी एकाच कुळातली सख्खी भावंडं, आणि दोन झाडं पलीकडे असलेला कापूरही त्यांच्यातलाच. ऑलस्पाइसचं पान मात्र सगळ्यांना चकवतं. लवंग, दालचिनी, जायफळ एकदम नाकात शिरतात. कोकणात नर्सरीतून सर्वसुगंधी म्हणून आणतात तेच हे झाड. पानं स्वतः तोडू नका. गाईड खाली पडलेलीच उचलतो, तेवढी पुरतात.

एकदाच फुलणारा ताड

टॅलिपॉट पाम हे झाड मूळचं श्रीलंका आणि मलबारचं. तीस ते ऐंशी वर्षं नुसतं वाढत राहतं, मग एकदाच शेंड्यावर फुलांचा तुरा येतो. वनस्पतिसृष्टीतला फांद्यांचा सगळ्यांत मोठा फुलोरा तो हाच, सहा ते आठ मीटर उंच. त्यातून हजारो फळं धरतात, ती पिकायला वर्षभर लागतं आणि झाड मरतं. याच्या पानांवर दक्षिणेत पोथ्या लिहिल्या गेल्या. आणि लहानपणी दृष्ट लागू नये म्हणून मनगटाला बांधलेला बजरबट्टू आठवतो? ती या झाडाची बी. गाईडला ते सांगितलं तर त्यालाच नवं वाटलं. फुललेलं झाड दिसलं तर नशीब समजा. नाही दिसलं तर वाळून उभा राहिलेला एखादा बुंधा दाखवायला सांगा.

एबनीचं काळंभोर लाकूड देणारी मूळ बेटावरची झाडं, गोरखचिंचा, आणि पाहुण्यांनी लावलेली झाडं (इंदिरा गांधींनी लावलेलंही) वाटेत येतात. महाकाय कासवं कुंपणात आहेत, आल्डाब्रा बेटांवरची. मुलं तिथे अर्धा तास काढतील, म्हणून त्यांना शेवटी न्या. आधी नेलंत तर बाकीची बाग गेलीच.

समाधीपाशी

‘माँ प्लेझिर’ची सध्याची वास्तू इंग्रज काळातली, लाकडी सज्जांची. तिच्याजवळच रामगुलाम यांची समाधी आहे. बागेत गर्दी असते तेव्हाही इथे कोणी फिरकत नाही, कारण टूरच्या यादीत तिचा उल्लेख ‘मॉन्युमेंट’ एवढाच असतो.

थोडी पार्श्वभूमी घरूनच मुलांना सांगून न्या. शिवसागर रामगुलाम यांचा जन्म १९०० सालचा. वडील बिहारमधून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून आलेले. मुलगा लंडनला जाऊन डॉक्टर झाला, परत येऊन राजकारणात पडला, आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिला पंतप्रधान झाला. १२ मार्च ही तारीख दांडीयात्रेची आठवण म्हणून निवडलेली. १५ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचं निधन झालं. याच बागेत अंत्यसंस्कार झाले आणि अस्थी गंगेत सोडल्या. १९८८ मध्ये बागेला त्यांचं नाव मिळालं. माजी पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्यावरही २०२१ मध्ये इथेच अंत्यसंस्कार झाले.

ज्या गव्हर्नरच्या बंगल्यात मजुराच्या पोराला पाऊलही टाकता आलं नसतं, त्याच्याच अंगणात त्या पोराची समाधी आहे. मी बागेत येणाऱ्याला हे आवर्जून दाखवते. चौथऱ्यावर बसू नका, त्यावर पिशव्या ठेवू नका, ग्रुप फोटोसाठी दोन पावलं मागे उभं राहा. दहा मिनिटं पुरतात, पण ती गाईडची बडबड थांबवून घ्या.

त्याच दिवशी आणखी एकच जागा

बागेनंतर दोन पर्याय आहेत. जवळच बो प्लाँचा जुना साखर कारखाना आहे, १९९९ मध्ये बंद पडलेला, आता संग्रहालय. उसाचा, गुलामीचा आणि मजुरांचा इतिहास तिथे यंत्रांसकट मांडला आहे, शेवटी साखरेचे प्रकार चाखायला मिळतात. मुलं खूष.

दुसरा पर्याय पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, आणि माझं मत त्याच्या बाजूने. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर मॉरिशसला उतरले, त्यांतले बहुतेक या घाटावरून गेले. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. समाधी पाहून इथे आलात की दोन्ही जागा एकमेकींना जोडल्या जातात. इमिग्रेशन स्क्वेअर शेजारीच आहे, त्यामुळे बसने फिरणाऱ्यांनाही सोयीचं. रविवारी मात्र बेत ठेवू नका.

त्या मजुरांत रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडचीही माणसं होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे आणि गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. ठाण्यात कोकणातली घरं काही कमी नाहीत. घराण्यात कोणी ‘बोटीने गेला तो परतला नाही’ अशी गोष्ट असेल, तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत. गाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे साल घरून लिहून न्या आणि आधी संपर्क साधूनच जा. ते बागेच्या दिवशी जमणार नाही, वेगळी सकाळ काढा.

फक्त एक तास हातात असेल तर

बसवाला ऐकतच नसेल तर कमळं, कासवं, हरणं सोडून द्या. तळ्यावर पंधरा मिनिटं, मसाल्याची झाडं वीस, वाटेत टॅलिपॉट आणि गोरखचिंच, मग समाधी. गाईडला फाटकावरच हा क्रम सांगा.

आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना एक विनंती. पायाशी पडलेली बी दिसली की हात शिवशिवतो, ठाऊक आहे. पण परदेशातून बी-रोप आणायला भारतात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि मॉरिशसही आपल्याकडून नेलेल्या रोपांबाबत तितकंच कडक आहे. खिशातली जायफळाची बी विमानतळावर सापडली तर वाद घालण्यात अर्थ नाही. सर्वसुगंधी आणि दालचिनीची रोपं कोकणातल्या नर्सरीत मिळतात. पावसाच्या तोंडावर आणून लावली तर कुंडीतही तग धरतात.